बाबांचा पीएसए पुन्हा वाढतोय. पीएसएमए पेट स्कॅन आत्ता करावा की थांबावं?

नमस्कार मंडळी,

बाबांसाठी विचारतोय. वय ६८. तीन वर्षांपूर्वी कॅन्सरमुळे त्यांची प्रोस्टेट ग्रंथी काढली. दोन वर्षं पीएसए (प्रोस्टेटच्या पेशी बनवतात ते प्रथिन, रक्तात मोजतात) जवळजवळ शून्य होता. गेल्या वर्षभरात मात्र ०.०८, ०.१४, ०.२१ आणि परवा ०.३२. बाबा प्रत्येक आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलीने लिहितात. परवाचा त्यांनी लिहिलाच नाही. तेव्हापासून माझं कशात लक्ष लागत नाहीये.

ऑपरेशननंतर पीएसए दोनदा ०.२ किंवा जास्त आला की आजार परतला असं धरतात, एवढं कळलं. तो कुठे आहे, हे आकडा सांगत नाही. सर्जन म्हणतात, पीएसएमए पेट-सीटी, म्हणजे शरीरात प्रोस्टेट कॅन्सरच्या पेशी कुठे आहेत ते शोधणारा स्कॅन, करून घ्या. रेडिएशनचे डॉक्टर म्हणतात, जरूर करा, पण त्यात काही दिसलं नाही तरी ग्रंथीच्या जागी शेक (रेडिएशन) लवकर द्यावा लागेल. बाबा विचारतात, "काही दिसलंच नाही, तर शेक कशावर देणार?" माझ्याकडे उत्तर नाही. पीएसए आणखी थोडा वाढू दिला तर स्कॅनमध्ये नीट दिसेल, असंही मनात येतं. शिवाय साधा बोन स्कॅन (हाडांचा स्कॅन) पुरणार नाही का? कोणी यातून गेलं असेल तर कृपया सांगा.

प्रतिसाद:

मी स्वतः पेशंट आहे, शेक घेऊन झालाय. स्कॅन स्वच्छ दिसावा म्हणून पीएसए वाढू देऊ नका. शेकाचा फायदा पीएसए ०.५ च्या आत असताना जास्त होतो. या स्कॅनमध्ये कॅन्सरच्या पेशींवरच्या पीएसएमए प्रथिनाला चिकटणारं किरणोत्सारी औषध शिरेतून देतात. पण अगदी बारीक पुंजका त्यालाही सापडत नाही. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ६३५ रुग्णांच्या अभ्यासात पीएसए ०.५ च्या खाली असताना ३८ टक्के लोकांतच काही दिसलं, ५ च्या वर ९७ टक्क्यांत. म्हणजे रिपोर्ट कोरा आला तरी आजार नाही असं होत नाही. मग स्कॅन कशाला? ओटीपोटातल्या लसिकाग्रंथीत किंवा हाडात काही सापडलं, तर शेक कुठे द्यायचा हेच बदलतं. इतक्या कमी पीएसएला बोन स्कॅन बहुधा कोराच येतो.

रिपोर्टमध्ये लाळग्रंथी, मूत्रपिंडं चमकलेली दिसतील, घाबरू नका, ते नेहमीचंच. बरगडीत एखादा फिका ठिपका असेल तर कोणतं औषध वापरलं ते विचारा. पीएसएमए-१००७ नावाच्या औषधात असे फसवे ठिपके बरेच दिसतात. गॅलियमवालं औषध लघवीतून जातं, त्यामुळे मूत्राशय चमकतं आणि शेजारचं झाकलं जातं. स्कॅनला झोपण्याआधी बाबांना लघवीला जाऊन यायला सांगा.

धागाकर्ता:

काका, मनापासून आभार. बाबांना वाचून दाखवलं, शेकाचा भाग त्यांनी दोनदा वाचायला लावला. उद्याच स्कॅनची वेळ घेतोय. एकच राहिलं: शेकाबरोबर हॉर्मोनचं (पुरुषी हॉर्मोन दाबणारं) इंजेक्शनही सुचवलंय. ते स्कॅन होईपर्यंत थांबवायला सांगू का डॉक्टरांना?