आधी केबल बघा

टाइप-सी असूनही फोनमधले व्हिडिओ लॅपटॉपवर यायला तासभर लागतो, असं वर कुणी लिहिलंय. बहुतेक केबलचा घोळ असणार. टाइप-सी हा फक्त पिनेचा आकार. आत तारा किती, ते बाहेरून कळत नाही. चार्जिंगच्या केबली बऱ्याचदा यूएसबी २.० च्याच, म्हणजे वेग सेकंदाला ४८० मेगाबिट. हे स्टँडर्ड २००० सालचं! त्याच्या दहापट वेगाला, म्हणजे ५ गिगाबिटला, तारांच्या जादा जोड्या लागतात.

काही फोनच मुळात ४८० वर अडलेत. २०२३चा आयफोन १५ टाइप-सी झाला खरा, पण साध्या मॉडेलला ४८०च. प्रोला १० गिगाबिट, तेही केबल वेगळी घेतली तर. (खोक्यातली २.० चीच, धन्य!)

लॅपटॉपवर लिनक्स असेल तर फोन जोडून टर्मिनलमध्ये 'lsusb -t' ही कमांड चालवा. फोनच्या ओळीत 480M दिसलं, तर केबल बदलून पुन्हा बघा.