केन्झाबुरो ओए: सुरुवात कुठून?

पानखूण: जपानी कादंबरीकार ओए वाचायचे आहेत, अर्थात इंग्रजी अनुवादातून. 'द सायलेंट क्राय' घेतली, पण पहिल्याच प्रकरणात अडकलो. रोज बोरिवली-चर्चगेट लोकलमध्ये तासभर मिळतो. कोणत्या क्रमाने वाचू?

फोर्टकर: ती तूर्त कपाटात ठेवा. तिथे 1860चं शेतकऱ्यांचं बंड, 1945मधला भावाचा खून आणि 1960ची अमेरिकेशी झालेल्या सुरक्षा कराराविरोधी आंदोलनं एकमेकांत मिसळतात. मूळ शीर्षकाचा अर्थ 'मान्एनच्या पहिल्या वर्षातला फुटबॉल', मान्एन हा जपानी कालखंड, आणि ते वर्ष म्हणजे 1860. एवढंही माहीत नसेल तर गावात फुटबॉलचा संघ कशाला, हेच कळत नाही.

'प्राइझ स्टॉक'ने सुरुवात करा. 1958चं आकुतागावा हे जपानी साहित्य पारितोषिक मिळालेली दीर्घकथा, दोन-तीन फेऱ्यांत संपते. डोंगरातल्या गावाने पकडलेला कृष्णवर्णीय अमेरिकी वैमानिक, आणि सांगणारा एक मुलगा. ओए जपानच्या शिकोकू बेटावरच्या अशाच गावातले. हे खोरं पुढे त्यांच्या पुस्तकांत पुन्हा पुन्हा येतं.

ही कथा 'टीच अस टू आउटग्रो अवर मॅडनेस' या जॉन नेथन यांनी अनुवादलेल्या चार लघुकादंबऱ्यांच्या पुस्तकात आहे. मात्र पहिल्या पानापासून वाचायला बसू नका! पहिलीच लघुकादंबरी सगळ्यांत अवघड: हिरवा सेलोफेन लावलेला गॉगल घालून पडलेला माणूस, वडील, सम्राट, सगळं एका दमात. ती शेवटी घ्या.

शेवटचं पान: माझं मत वेगळं. आधी 'अ पर्सनल मॅटर' (1964). बर्ड, वय 27, क्लासमध्ये शिकवणारा. मूल मेंदूच्या व्यंगासह जन्मतं आणि हा पळ काढतो. कथानक सरळ, काळ मोजक्या दिवसांचा, लोकलमध्ये उभ्यानेही वाचता येतं. ओएंचा मुलगा हिकारी 1963चा, म्हणून लोक आत्मचरित्र समजून वाचतात आणि शेवट गोड वाटला की वैतागतात. (कादंबरीकार मिशिमांनाही तो शेवट पटला नव्हता.) त्यावर उतारा म्हणून लगेच त्याच वर्षीची 'अघ्वी' घ्या, वरच्याच पुस्तकात आहे. तिथला बाप मुलाला मरू देतो. ही जोडी सुटी वाचली तर निम्मी मजा जाते.

पानखूण: 'द चेंजलिंग' स्वस्तात मिळतेय. घेऊ का?

शेवटचं पान: घ्या, पण वाचायची घाई नको. ती 2000ची, ओएंचे मेहुणे, चित्रपट दिग्दर्शक जुझो इतामी, यांच्या 1997च्या मृत्यूवर उभी आहे. त्यातला कोगितो म्हणजे जवळपास ओएच, त्यामुळे आधीची पुस्तकं माहीत असली तरच ती उलगडते. त्याआधी 'राउझ अप ओ यंग मेन ऑफ द न्यू एज' हवीच. तिथे मुलगा मोठा झालाय आणि बाप इंग्रज कवी ब्लेकच्या ओळी धरून त्याला समजून घेतोय.

फोर्टकर: फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर घेताना अनुक्रमणिका बघा. 'प्राइझ स्टॉक' आणि 'द कॅच' ही एकच कथा, दोन अनुवाद. पैसे दोनदा जातात.

सायलेंट क्रायकडे परत वळाल तेव्हा मागच्या कोऱ्या पानावर वंशवेल काढा: वर पणजोबा आणि त्यांचा बंडखोर धाकटा भाऊ, खाली आजच्या पिढीतले भाऊ मित्सु आणि ताकाशी, बाजूला 1945मध्ये मारला गेलेला भाऊ 'एस'. ताकाशी कुणाची नक्कल करतोय, ते तिथेच दिसतं.