प्रतिसाद : एम्प्रेस मिलची आठवण

सकारात्मक विचार ठेवा, धंदा आपोआप सावरतो, असं दुकान चालवणाऱ्या भाऊंनी वरच्या लेखात लिहिलंय. भावना पटली, पण ‘आपोआप’ हा शब्द खटकला.

आपल्या नागपूरचंच घ्या. जमशेदजी टाटांनी १ जानेवारी १८७७ रोजी इथे एम्प्रेस मिल सुरू केली. तेव्हा बहुतेक गिरण्या निघत त्या मुंबईत. त्यांनी मात्र कापूस पिकतो तिथेच गिरणी, असा विचार करून जुम्मा तलावाजवळची दलदलीची जागा भरून घेतली. सुरुवातीची यंत्रं हलकी निघाली, माल चांगला उतरेना. तिथे नुसती उमेद धरून बसले असते तर गिरणी बुडाली असती. त्यांनी यंत्रं बदलली, पुढे सूत कातायची नवी रिंग चात्यांची पद्धत आणली. उमेद हीच, की दोष दुरुस्त होतो यावर विश्वास, आणि दोष कबूल करायची हिंमत.

माझी नागपूरच्या महाल भागात छोटी खानावळ आहे. मार्च २०२० मध्ये शटर खाली गेलं. पहिले पंधरा दिवस मी मनाला धीरच देत होते, हिशोबाची वही उघडायची हिंमत नव्हती. शेवटी सासूबाई म्हणाल्या, “वही आण वो इकडं.” उधारी किती, भाडं किती, सगळं मांडलं, तेव्हा कुठं सुचलं की आपला सावजी मसाला तर टिकतो! पाव किलोच्या पुड्या बांधल्या, ओळखीच्यांना फोन केले. आज खानावळ सुरू आहे, पण निम्मी कमाई अजून त्या पुड्यांचीच.

भाऊ, तुमच्या दुकानाचा हिशोब एकदा मांडून पाहा ना. घरच्यांना सोबत घेऊन बसा.