व्हेनिसचे कालवे, मॉड्युलर टाइल्स: चर खोदू की काठ चढवू?

फासे_आणि_फोम

मंडळी, आमच्या ग्रुपमध्ये सध्या कार्निव्हालेचं वेड लागलंय, म्हणजे टेबलावर छोट्या पुतळ्यांनी (फिगर्सनी) खेळायचा गेम. अठराव्या शतकाच्या शेवटचं व्हेनिस, फिगर्स २८ एमएम, आणि गेममध्ये माणसं छपरांवरून उड्या मारतात, पाण्यात पडतात, पोहतात, त्यामुळे नुसतं निळं कापड अंथरून भागत नाही. दिवाळीचा किल्ला सोडला तर मी असं काही बनवलेलं नाही, म्हणून कापायच्या आधी विचारतोय.

प्लॅन असा: ३० सेंटीमीटरच्या चौकोनी ९ टाइल्स, म्हणजे साधारण तीन बाय तीन फुटांचं टेबल. ५० एमएमचा एक्सपीएस (इन्सुलेशनचा घट्ट निळा) फोम, त्यात मधोमध ७ सेंटीमीटर रुंद आरपार चर, खाली ३ एमएम एमडीएफ (दाबलेल्या लाकडी भुशाचा बोर्ड) आणि चरात इपॉक्सी रेझिन ओतायचं. दोन्ही काठांना फरसबंद रस्ता. टाइल्स सरकू नयेत म्हणून कडेला मॅग्नेट लावायचा विचार आहे पण टाइल फिरवली की ते एकमेकांना ढकलतील ना? आणि सगळं दिवाणाच्या पेटीत मावलं पाहिजे, नाहीतर घरी काही खरं नाही.

गुण्या_कटर

थांब, फोम कापू नकोस अजून. आधी तुझी बोट मोज.

खरी गोंडोला जवळजवळ ११ मीटर लांब आणि १.४ मीटर रुंद असते. २८ एमएम फिगर म्हणजे ढोबळ १:५६ धर, तर बोट झाली साधारण २० सेंटीमीटर लांब, अडीच रुंद. आता ही बोट काटकोनात वळलेल्या कालव्यातून काढून बघ. ७ सेंटीमीटरच्या चरात जेमतेम १५ सेंटीमीटरची बोट वळते, २० ची अडकणार म्हणजे अडकणारच. ९ ला कशीबशी निघते, १० ला आरामात. गेमसाठी मिळणाऱ्या बोटी बऱ्याचदा आखूड केलेल्या असतात म्हणून म्हणतोय की तुझीच मोज. आणि चर अरुंदच ठेवायचा असेल तर वळणाचा आतला कोपरा तिरका छाटून टाक, काम होतं.

खेळाच्या बाजूनेही रुंदीचा विचार कर. चर इतका अरुंद की कुणीही सहज उडी मारून जातो, तर कालवा असून नसल्यासारखा. आणि फार रुंद केला की टेबलाचे दोन तुकडे, मग सगळी गर्दी पुलावर. तुझ्या नियमात उडी किती ते बघ आणि त्याच्यापेक्षा थोडा जास्त ठेव, म्हणजे मारणाऱ्याला जरा तरी विचार पडेल.

५० एमएम खोली मात्र अजिबात नको. त्या स्केलला ते होतात २.८ मीटर, म्हणजे माणूस विहिरीत उतरल्यासारखा दिसणार, बाजूने बघितलं तर फिगरचं डोकंसुद्धा दिसत नाही आणि बोट हलवायला हात घालायचा म्हणजे काठावरची घरं पडणार. २० एमएम बास. ते सव्वा मीटरच्या आत येतं, काठ म्हणून डोळ्याला बरोबर वाटतं.

मॅग्नेटचं सोपं आहे. प्रत्येक कडेकडे बाहेरून तोंड करून बघायचं, डावीकडच्या मॅग्नेटचा उत्तर ध्रुव बाहेर, उजवीकडच्याचा दक्षिण. चारही कडांना हेच, दोन्ही मॅग्नेट आपापल्या कोपऱ्यापासून सारख्याच अंतरावर. मग कुठलीही कड कुठल्याही कडेला लाव, एकाचं डावं दुसऱ्याच्या उजव्यासमोर येतं आणि चिकटतं. एका पट्टीवर साचा करून ठेव आणि मॅग्नेट बसवताना प्रत्येक वेळी त्याच्यावरच तपास, डोळ्यांवर विश्वास ठेवू नकोस.

रात्रीचा_रंगारी

रुंदी बिंदी ठीक आहे पण रेझिनचं कुणी बोललंच नाही. मॉड्युलर टाइलमध्ये रेझिन नको रे बाबा.

कारण एक, टाइलच्या दोन्ही टोकांना चर उघडा असतो, तिथे टेप लावून बांध घालावा लागतो आणि रेझिन त्या टेपवर किंचित वर चढतं. सुकल्यावर टोकाला एक बारीक उंच कड राहते. एकट्या टाइलवर ती दिसत नाही पण दोन टाइल जोडल्या की बरोबर सांध्यावर दुहेरी रेघ, आणि नऊ टाइल्स म्हणजे अशा रेघाच रेघा. घासून काढता येते पण मग तिथली चकाकी जाते, परत वार्निश मारा. कारण दोन, जाड थर एकदम ओतला की इपॉक्सी तापतं आणि फोमला ते सोसत नाही. कारण तीन, वजन आणि पैसे.

त्यापेक्षा तळ रंगव. व्हेनिसचं पाणी निळं नसतंच, गढूळ हिरवट असतं. मधे गडद हिरवा-काळा, काठाकडे जरा फिका, रंग ओला असतानाच मिसळायचा. त्यावर ग्लॉस जेल मीडियम (सुकल्यावर पारदर्शक चकाकणारं घट्ट ॲक्रिलिक) जाड ब्रशने थोपटून बारीक लाटा काढायच्या, सुकलं की वर दोन हात ग्लॉस वार्निश. पांढऱ्या गोंदाचं पाणी करू नको, पावसाळ्यात हवा दमट झाली की ते परत चिकट होतं आणि फिगरचे बेस त्याला धरून बसतात.

अजून एक. फोमवर थेट स्प्रे कॅन मारायचा नाही, त्यातल्या सॉल्व्हंटने फोम वितळतो, खड्डे पडतात. आधी काळा ॲक्रिलिक आणि गोंद एकत्र करून सगळीकडून, बाजूंनासुद्धा, एक हात दे.

पाणवठा

मी जरा वेगळं बोलतो, राग मानू नका. टाइल्सच नकोत.

व्हेनिस म्हणजे कुणी जमिनीत कालवे खोदलेलं शहर नाहीये. ती शंभराहून जास्त छोटी छोटी बेटं आहेत आणि त्यांच्यामधे उरलेलं पाणी म्हणजे तिथले कालवे. मग टेबलही तसंच करा ना. तीन फुटी बोर्ड, दोन तुकड्यांत, पूर्ण पाण्याचा रंगवायचा आणि त्यावर २० एमएम फोमचे वेगवेगळ्या आकाराचे बेटांचे ठोकळे ठेवायचे. कालव्याची रुंदी तुम्ही ठेवाल तेवढी, आज ९ उद्या १२. सांध्यावर पाणी जुळवायचं झंझट नाही, मॅग्नेट नाही, आणि पेटीत ठोकळे एकावर एक.

दुसरं, दोन्ही काठांना सारखा रस्ता हे मला खटकलं. ते ॲमस्टरडॅम झालं. तिथले ते मोठे कालवे सतराव्या शतकात आखून खणले, दोन्हीकडे रस्ता, झाडं, घरं रांगेत. व्हेनिसमध्ये कितीतरी ठिकाणी एकाच बाजूला रस्ता असतो आणि समोर घराची भिंत सरळ पाण्यात उतरते, दारसुद्धा पाण्यावर उघडतं, कारण माल आणि पाहुणे बोटीने यायचे. काही कालव्यांना तर दोन्हीकडे भिंतीच. गेमला हे भारी पडतं, कारण पळणाऱ्याला समोर उडी मारायला काठच नसतो, खिडकी नाहीतर पाणी.

गुण्या_कटर

पाणवठा, मुद्दा मान्य पण पूर्ण नाही. सुटे ठोकळे गुळगुळीत वार्निशवर सरकतात, अर्ध्या गेममध्ये कोपराचा धक्का लागला की अख्खं बेट हललं आणि मग अंतरावरून भांडण. खाली पातळ रबराची शीट चिकटवावी लागेल. आणि बेटं वाटेल त्या आकाराची केली तर दोन बेटांमधे पूल बसेलच असं नाही. पुलाची लांबी आधी ठरव, दोनच मापं, १० आणि १४ वगैरे, आणि बेटांच्या सगळ्या बाजू ५ सेंटीमीटरच्या पटीत काप. म्हणजे टाइल्सची शिस्त राहते आणि टाइल्स नसतात.

कापताना सुताराचा गुण्या लावून काप, पातं नवीन घाल आणि एकदम आरपार कापायला जाऊ नकोस, दोन-तीन हलक्या फेऱ्यांत काप. फोमची कड तिरकी आली की दोन बेटं चिकटून ठेवल्यावर फट दिसते.

फासे_आणि_फोम

बापरे, एवढं मिळेल वाटलं नव्हतं. बोट मोजली, १६ सेंटीमीटर निघाली. पाणवठांचं बेटांचं पटलं, चर खोदायचा बेत रद्द, बोर्ड एमडीएफचाच करतो. पण मग तो पावसाळ्यात वाकणार का? आणि काठाची भिंत कशी रंगवू, विटा की दगड? पूल मी कठडेवाले डिझाइन करून ठेवलेत. आणि हा निळा फोम पुण्यात मिळतो कुठे, स्टेशनरीवाले थर्माकोल दाखवतात.

रात्रीचा_रंगारी

एमडीएफ एकाच बाजूने रंगवला की वाकतो, दोन्ही बाजू आणि कडा सील केल्या तर बरंच भागतं. ३ एमएम घेऊच नको, ६ घे. नाहीतर सरळ ५ एमएम सनबोर्ड (पीव्हीसीची हलकी शीट), बॅनर-साइनबोर्डवाल्यांकडे तुकडे मिळतात, त्याला पाण्याचं काही वाटत नाही.

भिंतीचं सांगतो कारण हे केलं की टेबल एकदम व्हेनिसचं दिसतं. खाली पाण्याला लागून फिका दगड आणि वर विटा. तो फिका दगड म्हणजे व्हेनिसजवळच्या इस्त्रिया द्वीपकल्पातला, तो पाणी फारसं शोषत नाही, वीट शोषते, म्हणून पायाला आणि काठाला तोच वापरायचे. बॉलपेनने फोमवर दगडांच्या रेघा दाब, मग चुरगळलेल्या फॉइलचा गोळा वरून दाबून फिरव, दगड खडबडीत होतो. त्या दगडावर पाण्यापासून १० एमएमपर्यंत शेवाळाचा पट्टा मार, खाली जवळजवळ काळा, वर हिरवा, वरची रेघ मात्र सगळीकडे एकाच उंचीवर. ती भरतीची रेघ आहे, ती वरखाली झाली की सगळं खोटं वाटतं. १० एमएम म्हणजे खऱ्यात अर्ध्या मीटरच्या वर, तिथल्या भरती-ओहोटीच्या मानाने चालून जातं.

पाणवठा

कठडे काढून टाक. त्या काळात तिथल्या बहुतेक पुलांना कठडे नव्हतेच, नंतर बसवले. आताही पोंते किओदो नावाचा एक बिनकठड्याचा पूल आहे, फोटो बघ. पायऱ्या मात्र ठेव, पण फिगरचा बेस मावेल एवढ्या रुंद, नाहीतर सगळे पुलावर तिरके उभे राहतील. आणि कठडा नसला की पुलावरून ढकलता येतं, तुम्हाला तेच तर खेळायचंय.

फोमसाठी स्टेशनरीवाल्याकडे जाऊच नको. कोल्ड स्टोरेज नाहीतर टेरेस इन्सुलेशनची कामं करणारे कॉन्ट्रॅक्टर असतात, त्यांच्याकडे एक्सपीएसच्या शीट असतात, कापून उरलेले तुकडे मागितले तर स्वस्तात सुटतात. जाताना मोजपट्टी घेऊन जा आणि एकाच जाडीचे सगळे तुकडे उचल. २५ एमएमच मिळाले तरी घे, काठ किंचित उंच होईल, ओहोटी आहे म्हणायचं.