शब्दचर्चा : ‘एकाग्रता’, ‘अवधान’ की ‘राखण’?

प्रश्न (विश्रामबाग, सांगली) : मेंदूविषयीच्या एका लेखाचे भाषांतर करताना ‘सस्टेन्ड अटेन्शन’ या संज्ञेपाशी अडले आहे. कोशात ‘एकाग्रता’ मिळते. परंतु लेखातल्या प्रयोगांत मन एका बिंदूवर खिळवायचे नसून क्वचित घडणाऱ्या गोष्टीची बराच वेळ वाट पाहायची असते. तेथे ‘अवधान’ चालेल का? आणि मेंदूतल्या एकत्र चालणाऱ्या भागांच्या ‘डिफॉल्ट मोड नेटवर्क’ला ‘निष्क्रिय जाळे’ म्हणावे का?

उत्तर (तासगाव) : ताई, आपली शंका रास्त आहे. या विषयाचा उगमच राखणीत आहे. दुसऱ्या महायुद्धात रडारच्या पडद्यावर नजर ठेवणाऱ्यांच्या हातून काही वेळाने खुणा निसटू लागत. ते का होते हे पाहण्यासाठी मानसशास्त्रज्ञ नॉर्मन मॅकवर्थ यांनी एक घड्याळ वापरले, ज्याचा काटा दर सेकंदाला एक पाऊल सरके आणि मधूनच एकदम दोन पावले उडे. ती दुहेरी उडी तेवढी टिपायची, तीही दोन तास. १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात पहिल्या अर्ध्या तासानंतरच उड्या अधिक हुकू लागल्याचे दिसले.

आमच्याकडे शाळू दाण्यात आला की माळ्यावर बसून पाखरे राखावी लागत. गोफण हाताशी असे, डोळे उघडे असत, आणि तरीही थवा कणसांवर उतरल्यावरच मला जाग येई. वडील म्हणत, “माळ्यावर ध्यान बसलंय नुसतं.” (‘ध्यान’ हा शब्द आपल्या भाषांतरात का नको, हे यावरून ध्यानात यावे.) ‘एकाग्र’ म्हणजे ज्याचे अग्र एक, राखणदार एकाच कणसाकडे एकटक पाहत बसला, तर शेत गेलेच. ‘अवधान’मधील ‘धा’ धातू मात्र ठेवण्याचा आहे, आणि ठेवलेले टिकवावे लागते. म्हणून ‘दीर्घ अवधान’ मला पटते. सर्वसाधारण वाचकासाठी लिहिताना तर मी सरळ ‘राखण’ म्हणेन.

उत्तर (मिरज) : सर, ‘अवधान’ मान्य, ‘राखण’ मात्र खटकते, कारण तिच्यात चोराची चाहूल आहे. आमच्या गल्लीत तंबोऱ्याची जवारी काढणारा, म्हणजे तारेचा नाद जुळवणारा, कारागीर तारांखालच्या घोडीचा माथा कानशीने किंचित घासतो, तार छेडतो, मान तिरकी करून ऐकतो, पुन्हा घासतो. असा अर्धा दिवस जातो. त्याचे अवधान टिकलेलेच असते, पण तो कशावर पहारा करत नाही. त्याची ‘तंद्री लागली’ असे आपण म्हणतो, आणि भान सुटलेल्या माणसाचीही तंद्रीच लागते!

‘निष्क्रिय’ला माझा विरोध याच कारणाने आहे. मेंदूशास्त्रज्ञ मार्कस रेकल आणि सहकाऱ्यांनी २००१ साली ‘डिफॉल्ट मोड’ ही कल्पना मांडली, ती स्वस्थ पडल्यावर अधिक क्रियाशील असणाऱ्या आणि काम हाती घेताच मंदावणाऱ्या भागांवरून. आठवणी, स्वतःविषयीचे विचार, उद्याचे बेत यांत हे भाग गुंतलेले असतात. त्यांना निष्क्रिय कसे म्हणावे? २०१३ साली मायकल एस्टरमन आणि सहकाऱ्यांनी शहरांची चित्रे दिसताच कळ दाबायची आणि मधूनच येणाऱ्या डोंगराच्या चित्राला हात आवरायचा, अशी चाचणी घेतली. ज्या काळात हात स्थिर चालत होता आणि चुका कमी होत्या, त्या काळात याच जाळ्याची क्रिया अधिक आढळली. हात अडखळू लागल्यावर मात्र काम निभावण्याचा भार अवधानाच्या जाळ्यांवर अधिक पडत होता. कारागिराची तंद्री बहुधा पहिल्या प्रकारची असावी, असे मी म्हणतो. तेवढा माझा तर्क समजावा.

उत्तर (तासगाव) : तर्क पटला, ‘राखण’ उदाहरणापुरती ठेवू. ताई, आणखी एक सावधगिरी. अवधानाच्या एका जाळ्याच्या नावात येणाऱ्या ‘डॉर्सल’चे ‘पृष्ठीय’ करू नका; वाचक डोक्याची मागची बाजू समजेल, आणि माणसाच्या मेंदूत तर ती वरची बाजू असते. कॉर्बेटा आणि शुलमन यांनी २००२ साली वर्णिलेल्या अवधानाच्या दोन जाळ्यांपैकी वरचे जाळे हेतूने लक्ष वळवते. मुख्यतः उजव्या अर्धगोलातले खालचे जाळे अनपेक्षित गोष्टीकडे ते ओढून नेते. अचानक पंखांचा फडफडाट झाला की मान वळते, ती या दुसऱ्यामुळे.

प्रश्नकर्ती : दोघांचीही आभारी आहे. ‘दीर्घ अवधान’, ‘वरचे’ व ‘खालचे अवधान-जाळे’ असे लिहिते. ‘डिफॉल्ट मोड जाळे’ तसेच ठेवून पहिल्या उल्लेखाला अर्थ देते. मॅकवर्थ यांना दिसलेल्या घसरणीसाठी ‘अवधान-ऱ्हास’ लिहिले होते, ते खोडून ‘अवधान ढळणे’ केले आहे.