ग्राफ बघून स्पीकर घ्यावेत का? बजेट ४० हजार, सांगली

कृष्णाकाठ:
मंडळी, महिनाभर डोक्यात हेच चाललंय. घर विश्रामबागला, हॉल १६ बाय १० फूट, ऐकतो मुख्यतः ख्याल आणि थोडी नाट्यगीतं. एका जोडीचे ग्राफ (कुठला सूर किती मोठा वाजतो ते) नेटवर आहेत, रेषा एकदम सपाट, म्हणजे सगळे सूर सारखेच मोठे, पण ती इकडं कुठं ऐकायला मिळत नाही. दुसरी दुकानात ऐकली, तानेतला दाणा न् दाणा सुटा कळत होता, अंगावर काटा आला, पण तिच्या ग्राफला ३ ते ६ हजार हर्ट्झमध्ये ४ डीबीचा उंचवटा आहे. कानाचं ऐकू का ग्राफचं? एवढे पैसे एकदम घालतोय, वर्षभरात विकायची वेळ नको यायला.

अजिंक्यतारा_७७:
भावा ग्राफचं ऐक, पण समोरून घेतलेली एकच रेषा बघून ठरवू नको. स्पिनोरामा बघ, त्यात स्पीकर आडवा-उभा १०-१० अंशांनी फिरवून ७० मापं घेतात, कारण घरात बराच आवाज भिंतींवर आपटूनच कानात येतो. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या ध्वनीसंशोधकांनी वर्षानुवर्षं लोकांना स्पीकर न दाखवता ऐकवले, आणि ऑलिव्हचं २००४ चं काम आहे, ७० स्पीकर, मापांवरून काढलेला अंदाज आणि लोकांनी दिलेले मार्क यांचं कोरिलेशन, म्हणजे मेळ, ०.८६ (१ म्हणजे तंतोतंत). हे लय झालं, तरी १ नाही, त्यामुळं दोन जोड्या जवळपास सारख्या असतील तर आकड्यावरून अडून बसू नको.
तो उंचवटा मी दोन वर्षं भोगलाय. पहिला अर्धा तास सगळं स्वच्छ वाटतं, मग तार सप्तकातला ‘आ’कार टोचायला लागतो आणि आपण न कळत आवाज कमी करत जातो.

तंबोरा_मिरज:
वरच्या सुरांचं पटलं, पण खालचं कोण बघणार? साधारण २००-३०० हर्ट्झच्या खाली स्पीकरपेक्षा खोलीच जास्त बोलते. तुमचा हॉल १६ फूट, म्हणजे लांबीत तो ३५ आणि ७० हर्ट्झच्या आसपास घुमणार. काळी एकचा सा १३९ हर्ट्झ, त्याचा खर्ज, म्हणजे खालचा सा, ६९, बरोबर त्याच्यावरच बसतोय बघा! आमचं लहानपण सतारमेकर गल्लीत गेलं, घोडीवरचा दोरा केसभर सरकवला की जवारी (तारेची ती झणझणीत गुंज) कशी खुलते ते ऐकत, म्हणून सांगतो, नुसता तानपुरा लावून बघा. मागच्या भिंतीला टेकून बसा, मग चार फूट पुढं सरका. पडदे-सतरंजीनं खर्जाला काही होत नाही, ती फक्त वरचा चरचराट कमी करतात.

वारणेचा_वाघ:
अँप (अँप्लिफायर) किती वॅटचा आहे? तेवढ्याच पॉवरला सपाटवाला ८४ डीबी आणि दुकानातला ९० डीबी वाजत असेल तर तेवढ्याच आवाजाला सपाटवाल्याला चौपट पॉवर लागणार, तो खर्चही ४० हजारातच धरा. आणि दुकानात दोन जोड्या लावल्या की दोन्हींचा आवाज मोबाईलवर मोजून सारखा करून घ्या, जरा मोठा वाजणाराच नेहमी गोड वाटतो.

कृष्णाकाठ:
आत्ताच जुन्या जोडीवर काळी एकचा तानपुरा लावला. सोफा भिंतीला होता तेव्हा खर्ज नुसता घुमत होता, चार फूट पुढं ओढला तर तीच तार एकदम बारीक झाली, हिला पण ऐकवलं, तिलाही लगेच कळलं. अँप ४० वॅटचा आहे. दुकानातली जोडी शनिवारी परत ऐकतोय, ह्या वेळी तासभर एकच विलंबित, आवाज न हलवता.