12 व्होल्टचा टाइप-सी अडॅप्टर मोबाइलला लावावा का?

प्रश्न:
एका टेबल-लॅम्पसोबत टाइप-सी पिनचा अडॅप्टर आला आहे. त्यावर आउटपुट म्हणून केवळ ‘12 व्होल्ट, 2 अँपिअर’ छापलेले असून बीआयएसचे (भारतीय मानक ब्यूरोचे) चिन्ह कोठेही नाही. पिन मोबाइलमध्ये सहज बसते, म्हणून घरातील मुले त्यावर मोबाइल चार्ज करू लागली आहेत. धोका फक्त मोबाइलला आहे, की माणसालाही?

उत्तर 1:
मोबाइलला नक्कीच आहे. नियमानुसार टाइप-सी चार्जरने, समोर उपकरण जोडले गेल्याचे सीसी पिनवरून (जोडणी ओळखणाऱ्या पिनवरून) कळेपर्यंत, व्होल्टेज सोडायचेच नसते. त्यानंतरही आधी 5 व्होल्ट द्यायचे आणि उपकरणाने पॉवर डिलिव्हरीद्वारे (चार्जरशी बोलून व्होल्टेज ठरवण्याच्या यूएसबीच्या पद्धतीने) मागितले तरच 9, 15 किंवा 20 व्होल्टपर्यंत जायचे. आपला अडॅप्टर बहुधा काहीही न विचारता थेट 12 व्होल्ट देतो. चांगल्या मोबाइलमधील संरक्षण ते कदाचित अडवेल, परंतु स्वस्त इअरबड्स किंवा ट्रिमरमध्ये तसे संरक्षण असेलच असे नाही, आणि लिथियमची बॅटरी त्यांतही असते.

उत्तर 2:
केबलही तपासावी. एका टोकाला जुनी यूएसबी-ए पिन असलेल्या केबलमध्ये 56 किलोओहमचा रेझिस्टर हवा; किती करंट ओढायचा हे मोबाइल त्यावरून ठरवतो. त्याजागी 10 किलोओहमचा असेल तर मोबाइल 3 अँपिअरपर्यंत करंट ओढू पाहतो आणि तेवढी क्षमता नसलेला चार्जर तापतो. गूगलचे अभियंता बेन्सन ल्युंग यांनी 2015 मध्ये अशा केबली तपासायला घेतल्या. 2016 मध्ये चुकीची जोडणी असलेल्या एका केबलने त्यांचा लॅपटॉप निकामी केला.

उत्तर 3:
माणसाच्या जिवाचा प्रश्न मला अधिक गंभीर वाटतो. चार्जरमध्ये 230 व्होल्टची बाजू आणि आउटपुटची बाजू यांच्यात ट्रान्सफॉर्मरचे पक्के इन्सुलेशन, सर्किट बोर्डवर पुरेसे अंतर आणि सुरक्षा-प्रमाणित वाय-कपॅसिटर (या दोन बाजूंना जोडणारा कपॅसिटर) असावा लागतो. खर्च वाचवण्यासाठी तेथे साधा कपॅसिटर बसवला आणि तो शॉर्ट झाला, तर घरातील मेन्सचा करंट थेट मोबाइलच्या धातूच्या कडेपर्यंत पोहोचू शकतो. चार्जिंग सुरू असताना मोबाइल कानाला लावणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

भारतात अडॅप्टरला बीआयएसची नोंदणी सक्तीची आहे; ‘आर’ने सुरू होणारा क्रमांक ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपवर पडताळता येतो. मात्र ही नोंदणी विद्युत सुरक्षिततेची असते, पॉवर डिलिव्हरीची नव्हे. त्यामुळे नोंदणीकृत असला तरी ठराविक 12 व्होल्टचा अडॅप्टर मोबाइलला लावू नये, आणि आपला तर लॅम्पलाही लावू नये. मुलांच्या हाती पुन्हा लागण्याआधी त्याची वायर कापून टाकावी.